संपादक महोदय, तो फोटो चीनचा नव्हता

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझे वडील नारायणगावजवळ शेती करतात. टोमॅटो, आणि थोडी द्राक्षे. सकाळी पेपर वाचून झाला की त्यातल्या विज्ञानाच्या बातमीचा मोबाइलवर फोटो काढून ते मला जर्मनीला पाठवतात. गेली आठ वर्षे हा नेम चुकलेला नाही. मध्यंतरी असेच एक कात्रण आले. चीनने विज्ञानात अमेरिकेला धूळ चारली, असा मथळा. खाली अर्धे पान व्यापून एका प्रचंड रेडिओ दुर्बिणीचा फोटो आणि त्याखाली ओळ, ‘चीनची महाकाय दुर्बीण’. सोबत वडिलांचा प्रश्न होता, “चीन एवढं पुढं गेलंय, तर तू अजून तिकडं काय करतीस?”

तो फोटो चीनचा नव्हता. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरच्या अरेसिबो दुर्बिणीचा होता. तीन मनोऱ्यांवरून तारांनी टांगलेला त्रिकोणी लोखंडी सांगाडा आणि त्याच्या पोटाशी गोल घुमट, ही अरेसिबोची खूण आमच्या क्षेत्रातले पहिल्या वर्षाचे पोरही ओळखते. चीनच्या ‘फास्ट’ या दुर्बिणीला मनोरे सहा आहेत आणि वर लटकणारी केबिन जेमतेम तीस टनांची. अरेसिबोचा सांगाडा नऊशे टनांचा होता. होता म्हणते, कारण १ डिसेंबर २०२० रोजी तो तारा तुटून खालच्या तबकडीवर कोसळला आणि दुर्बीण संपली. म्हणजे अमेरिकेच्या मेलेल्या दुर्बिणीचा फोटो लावून आपण चीनचा विजय साजरा केलात!

दुरुस्तीसाठी मी दोनदा ईमेल केला. उत्तर आले नाही. पुढे दोन आठवड्यांनी वडिलांचे दुसरे कात्रण आले. त्याच वर्तमानपत्राचे रविवारचे विज्ञानाचे पान ‘तूर्त स्थगित’. त्या दिवशी हे पत्र लिहायला घेतले. वर्तमानपत्राचे नाव घेत नाही, कारण ही खोड एका घरची नाही.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. आमच्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघत मी मोठी झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा तीस अँटेना, आणि त्यांच्या मधल्या रानात ऊस, कांदा, द्राक्षे. ती उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांचे नाव आमच्याकडे शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, तिथेच मी पहिल्यांदा पल्सारचा, म्हणजे गरगर फिरत ठरलेल्या ठेक्यावर रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्याचा, आवाज ऐकला. पुढे त्याच विषयात पीएचडी केली, अडीच वर्षे चीनमध्ये काम केले, आता जर्मनीत आहे. चीन आणि पश्चिम हा आपल्याकडे चर्चेचा विषय आहे, माझ्यासाठी ते दोन ठिकाणचे पगार, दोन ठिकाणच्या बैठका आणि दोन ठिकाणच्या खानावळी आहेत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार विज्ञानाचा क्रिकेटचा सामना करण्याबद्दल. एका वाहिनीने मला चर्चेला बोलावले होते. चाळीस सेकंद मिळाले. “मॅडम, एका वाक्यात सांगा, कोण पुढे?” मी म्हटले, कशात? तेवढ्यात माझा आवाज बंद झाला आणि पडद्यावर लाल ड्रॅगन आणि गरुड झुंजू लागले. ते अर्धवट राहिलेले उत्तर आता इथे पुरे करते.

२९ जून २०२३. त्या दिवशी जगातल्या चार गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, अतिशय संथ अशा गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लाटांच्या, खुणा त्यांना दिसल्या आहेत. या लहरींची एक लाट आपल्यावरून जायला काही वर्षे लागतात. त्या पकडायच्या म्हणजे आकाशात विखुरलेले पल्सार घड्याळासारखे वापरायचे आणि त्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजत बसायचे. पृथ्वी अशा लहरींवर हेलकावे खात असेल, तर काही घड्याळे किंचित पुढे आणि काही किंचित मागे पडलेली दिसतात. तीही विशिष्ट नक्षीत.

अमेरिकन गटाकडे पंधरा वर्षांची निरीक्षणे होती, त्यांतली बरीचशी अरेसिबोची. युरोपीय गटाकडे जवळपास पंचवीस वर्षांची, आणि त्यांच्या विश्लेषणात भारतीय गटाची, म्हणजे आमच्या खोडदची निरीक्षणे मिळवलेली होती. ऑस्ट्रेलियाकडे अठरा वर्षांची. चीनकडे फक्त ४१ महिन्यांची. आणि तरीही ५७ पल्सारांच्या त्या ४१ महिन्यांतून चिनी गटाने काढलेला संकेत ४.६ सिग्मा इतका ठळक होता (सिग्मा म्हणजे संकेत निव्वळ योगायोग नाही याच्या खात्रीचे माप). पक्का शोध म्हणायला आमच्यात ५ सिग्मा लागतात, तिथवर चौघांपैकी कोणीच पोहोचले नव्हते.

मग कोण पुढे? फास्टची तबकडी ५०० मीटरची आहे. इतरांना जे पल्सार कुजबुजताना ऐकू येतात, ते तिला मोठ्याने बोलताना ऐकू येतात. ती ताकद पैशाची, पोलादाची आणि एका हट्टी माणसाची. नान रेंडोंग यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली, दक्षिणेच्या क्वेईचौ प्रांतात चुनखडीच्या डोंगरांतला योग्य खळगा शोधण्यात दहा-बारा वर्षे घालवली, सप्टेंबर २०१६ मध्ये दुर्बीण पुरी झालेली पाहिली आणि वर्षभरात ते गेले. पण ४१ महिन्यांत दहा वर्षांची लाट मोजता येत नाही. त्याला दहा वर्षेच लागतात. पश्चिमेकडे ती वर्षे होती. एका पिढीने मोजायला सुरुवात करायची, दुसरीने आकडे सांभाळायचे, तिसरीने निबंध लिहायचा, अशी ती वर्षे. चीनमध्ये अशी वर्षे साठायला आता कुठे सुरुवात झाली आहे.

अजून एक गंमत. फास्टने हजाराहून अधिक नवे पल्सार शोधले, त्यांतले बहुतेक ज्या एकोणीस शलाकांच्या, म्हणजे आकाशाचे एकोणीस ठिपके एकाच वेळी पाहणाऱ्या, संग्राहकाने टिपले तो ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने बनवून दिला आहे. हा धावफलकाच्या कोणत्या बाजूला मांडायचा? चाळीस सेकंदांत हे बसत नाही, मान्य. पण अर्ध्या पानात बसते. अरेसिबोचा फोटो मावला तेवढ्या जागेत सहज बसले असते.

दुसरी तक्रार आकड्यांची. शोधनिबंधांच्या संख्येत चीनने २०१६ सालीच अमेरिकेला मागे टाकले, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननेच सांगितले. निवडक नियतकालिकांतले निबंध मोजणाऱ्या नेचर इंडेक्सच्या २०२५ च्या यादीत चायनीज अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस पहिली आणि हार्वर्ड दुसरी, हेही खरे. आपण हे छापता आणि थांबता. निबंध म्हणजे पोती नव्हेत की मोजली आणि गाडीत भरली! चीनमध्ये अनेक वर्षे रुग्णालयातल्या डॉक्टरांची बढती निबंधांवर ठरत असे. दिवसाला शंभर रुग्ण तपासणारा डॉक्टर प्रयोग कधी करणार? तो निबंध विकत घेई. विकणारे कारखाने उभे राहिले. २०२३ साली हिंदावी या एकाच प्रकाशनाने आठ हजारांवर निबंध मागे घेतले, त्यांतल्या बहुतेकांवर चिनी लेखकांची नावे होती. आणि लगेच टाळ्या पिटू नका, कारण ते प्रकाशन अमेरिकेतल्या एका बड्या समूहाच्या मालकीचे होते आणि निबंध छापण्याचे पैसे त्याने घेतले होते. चिनी सरकारने २०२० मध्येच निबंधामागे रोख बक्षीस देण्यावर बंदी घातली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांकडून मागे घेतलेल्या निबंधांची झाडाझडती मागवली. ही बातमी मला मराठीत कुठे दिसली नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योनने एकाच आलेखाने वेगवेगळे प्रयोग सजवले होते आणि २००२ मध्ये तो पकडला गेला, हे सांगितल्याशिवाय लबाडी ही फक्त पूर्वेची आहे असे वाचकाला वाटणारच.

पैशाचे आकडेही तसेच. २०२४ मध्ये चीनने संशोधन आणि विकासावर आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे २.७ टक्के खर्च केले, अमेरिका साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. पण चीनच्या त्या रकमेतले मूलभूत संशोधनावर जातात जेमतेम सात टक्के, अमेरिकेत त्याच्या दुप्पट. मला विचाराल तर सगळ्या तुलनेत हा एक आकडा सर्वांत बोलका आहे. कारण मूलभूत संशोधनाचा पैसा म्हणजे फसण्याची परवानगी. (भारताचा एकूण खर्च ०.६४ टक्के. धूळ कोणी कोणाला चारली हे छापताना हा आकडा आपण नेमका विसरता.)

तिसरी तक्रार ‘कृत्रिम सूर्या’ची, आणि ती थोडक्यात. २० जानेवारी २०२५ रोजी चीनमधल्या हेफेई शहरातल्या ‘ईस्ट’ या अणुसंमीलनाच्या यंत्राने तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, १,०६६ सेकंद धरून ठेवला. आपण सगळ्यांनी चीनने सूर्य बनवला असे छापले. तेवीस दिवसांनी दक्षिण फ्रान्समधल्या यंत्राने तो १,३३७ सेकंद धरला. त्या यंत्राचे नाव ‘वेस्ट’. ईस्ट विरुद्ध वेस्ट, असा तयार मथळा देवाने ताटात वाढून दिला होता, तोही आपण सोडलात. या दोन्ही यंत्रांतून घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघालेली नाही, आणि ज्या मोठ्या भट्टीसाठी ही तालीम चालली आहे त्या ‘ईटर’मध्ये चीन, युरोप, अमेरिका आणि भारत हे चौघेही भागीदार आहेत. तिचे बाहेरचे भले मोठे पोलादी आवरण तर आपल्या शेजारी, गुजरातेत हझिऱ्याला घडले.

चौथी तक्रार उलट्या बाजूची. जे चीनपुढे लोटांगण घालत नाहीत ते ‘चायना माल’ म्हणून हसतात. सगळे चोरीचे, सगळे नकली. चिनी औषधशास्त्रज्ञ थु यौयौ यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पीएचडी नाही, परदेशी शिक्षण नाही, अ‍ॅकॅडमीचे सदस्यत्व नाही. सतराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकाच्या पोथीत एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली आहे, या ओळीवर त्या अडखळल्या. मग उष्णतेने औषध मरत असणार, या तर्काने त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन तिथून आले. ही चोरी म्हणायची की काय? चिनी भौतिकशास्त्रज्ञ फान च्यानवेई व्हिएन्नाला आंतोन त्सायलिंगर यांच्याकडे शिकले, मायदेशी परतले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या उपग्रहाने १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना गुंतलेले फोटॉन, म्हणजे एकमेकांशी बांधलेले प्रकाशकण, पाठवून दाखवले. गुरूला २०२२ चे नोबेल मिळाले. शिष्य पुढे गेला म्हणून गुरूच्या घरी चोरी झाली असे आपल्या परंपरेत तरी कोणी म्हणत नाही.

आणि कौतुक करणारे काय गाळतात, तेही बघा. फास्टच्या भोवतीचा पाच किलोमीटरचा परिसर शांत हवा म्हणून नऊ हजारांवर माणसे तिथून हलवली गेली. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती माणसे राहतात, पण मोबाइल आणि वायफायवरचे निर्बंध पाळून. ते क्षेत्र १९५८ पासून राखलेले आहे. आमच्याकडे अँटेना शेतांच्या मधे उभ्या आहेत आणि शास्त्रज्ञ गावकऱ्यांशी, कारखान्यांशी, टॉवरवाल्यांशी वर्षानुवर्षे बोलत बसतात. संशोधनाची क्षमता म्हणजे काय याचे तीन नमुने इथे शेजारी शेजारी आहेत. मी अजून ठरवू शकलेले नाही की यांतले कोणते मला हवे. खळगा रिकामा करून मिळालेल्या निरीक्षणांवर मी स्वतः काम केले आहे, हे लपवत नाही.

चीनमधल्या माझ्या गटात मागितलेले उपकरण महिन्याभरात टेबलावर येई. विद्यार्थी हुशार, रात्री अकराला प्रयोगशाळेत दिवे चालू. पण बैठकीत सर्वांत ज्येष्ठ माणूस बोलला की चर्चा संपे. एकदा मी त्यांच्या गणितातली चूक दाखवली तेव्हा खोलीत इतकी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ती चूक गुपचूप दुरुस्त झालेली होती. जर्मनीत उलट आहे. माझ्याच विद्यार्थ्याने माझे गणित भर सभेत खोडून काढले आणि मग आम्ही जेवायला गेलो. पण एका संग्राहकाच्या मंजुरीला इथे दोन वर्षे लागली आणि माझी नोकरी अजून कंत्राटी आहे. जर्मन कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षे अशा मुदतीच्या नोकऱ्या चालतात, मग कायम व्हा नाहीतर बाहेर पडा. बहुतेक बाहेर पडतात.

म्हणून पाचवी तक्रार: ‘पश्चिम’ म्हणून आपण जे एक गाठोडे बांधता ते सोडा. अरेसिबो कोसळण्याआधी दीड दशक तिचा निधी कापला जात होता, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा बांधणार नाही असे अमेरिकेनेच ठरवले. तिला चीनने पाडले नाही. नोव्हेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०२२ या काळात अमेरिकी न्याय खात्याने ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची मोहीम चालवली, त्यात एमआयटीचे प्राध्यापक गांग छेन यांच्यावर खटला भरला आणि वर्षभराने मागे घेतला. अशाने घाबरून किती चिनी वंशाचे शास्त्रज्ञ परत गेले असतील याचा विचार करा.

एका संपादकाची गोष्ट सांगते, कारण हे पत्र संपादकांना आहे. चीनच्या विज्ञान मंत्रालयाचे स्वतःचे दैनिक आहे, ‘विज्ञान-तंत्रज्ञान दैनिक’. २०१८ साली त्याने एक मालिका चालवली. परक्यांनी हात आखडता घेतला तर आपला गळा कुठे कुठे आवळला जाईल, अशा ३५ तंत्रज्ञानांची यादी. चिप छापणारी यंत्रे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, बेअरिंगचे उत्तम पोलाद, अशा एकेका वस्तूवर एकेक लेख. या दैनिकाचे तेव्हाचे मुख्य संपादक लिऊ यातोंग यांनी त्याच वर्षी एका भाषणात स्पष्ट सांगितले की, फुशारक्या मारणाऱ्यांनी आधी वरिष्ठांना फसवले, मग जनतेला, आणि शेवटी स्वतःलाच. हे एका सरकारी दैनिकाच्या संपादकाने, तिथे राहून. तिथे अनेक विषयांवर लिहिता येत नाही, हे मी तिथे राहून पाहिले आहे. पण आपल्या देशाला काय येत नाही, याची यादी त्यांनी छापली. आपल्यावर तर कोणाचा दाब नाही, मग आपल्या पानांवर तशी यादी का नाही?

मागण्या मोजक्या आहेत.

त्या फोटोची दुरुस्ती छापा, ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर.

रविवारचे विज्ञानाचे पान परत सुरू करा. राशिभविष्याला रोज जागा आहे, याला आठवड्यातून एकदा द्या.

देशादेशांची तुलना छापताना तीन गोष्टी सांगा: काय मोजले, कोणी मोजले, आणि त्या मोजणीत काय येत नाही. तिसऱ्याला एक ओळ पुरते.

शोधाची बातमी दिलीत तर तो मागे घेतल्याचीही द्या. चीनचा असो, हार्वर्डचा असो.

आणि वृत्तसंस्थेचे इंग्रजी घाईघाईने मराठीत ओतण्याआधी कोणा जाणकाराला फोन करा. आमच्यापैकी कितीतरी जण हेफेईपासून हायडेलबर्गपर्यंत बसलेले आहेत, मराठी बोलायला आसुसलेले. पैसे मागणार नाही. चाळीस सेकंदांऐवजी चार मिनिटे मात्र मागू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक वाचक, सध्या मुक्काम जर्मनी

ता. क. वडिलांनी ते कात्रण टाकलेले नाही. फोटोखालची ओळ निळ्या पेनाने खोडून त्यांनी ‘अरेसिबो, २०२० ला पडली’ असे लिहिले आहे, आणि शेजारी सहा मनोऱ्यांचे एक वाकडेतिकडे चित्र काढले आहे. दुरुस्ती छापताना हवे असेल तर ते पाठवीन.